पेन्सिलीची नोंद

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कासारटेकच्या रामदास कोतवालाकडे बजावायला अकरा नोटिसा आल्या, आणि त्यांतली सातवी त्याच्या स्वतःच्या जमिनीची निघाली.

ते त्याला लगेच कळलं असं नाही. एकोणतीस वर्षं नोटिसा वाटणारा माणूस नोटीस वाचत नाही. तो वरचं नाव बघतो, कुठल्या दारात जायचं ते ठरवतो, पोच घेतो आणि पुढे चालू लागतो. पोस्टमन कुठे लोकांची पत्रं वाचत बसतो? पहिल्या सहा नोटिसांतच रामदासची दुपार गेली. त्यांतल्या चार हिंजवडीच्या अंगाच्या उंच इमारतींमधल्या होत्या. त्या इमारतींच्या जमिनी मोजल्या तेव्हा साखळीचं एक टोक रामदासनेच धरलं होतं. आता तिथल्या फाटकावर त्याला अर्धा-अर्धा तास उन्हात उभं राहावं लागे.

"सरकारी काम हाय," तो फाटकावरच्या माणसाला म्हणाला.

"सरकारला पण ॲपमध्ये टाकावं लागतं काका. मॅडमनी वरून ओके केलं की सोडतो."

मॅडमनी पाऊण तासाने ओके केलं. तोवर रामदासच्या टोपीखालून घामाचा ओघळ कानामागे उतरून सदऱ्यात गेला होता.

सातव्या नोटिशीवर रंगरावाचं नाव होतं. रंगराव त्याचा सख्खा चुलतभाऊ, वयाने सहा वर्षांनी मोठा, येरवड्याला राहायला जाऊन वीस वर्षं झालेला. याची नोटीस गावात कशी, म्हणून रामदासने कडुनिंबाखाली सायकल लावली आणि कागद खालपर्यंत वाचला. गट नंबर एकशे त्रेचाळीस. क्षेत्र सव्वीस गुंठे, पूर्ण. विकणार रंगराव. घेणार एक कंपनी. खरेदीची नोंद धरली आहे, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

एकशे त्रेचाळीस म्हणजे त्यांचा हाडोळा. आज्याने गावकी राबली त्याबद्दलची वतनाची जमीन. वतनं गेली तेव्हा सरकारने ती पुन्हा त्यांच्याच नावावर करून दिली होती. पश्चिमेचे तेरा गुंठे रंगरावाच्या वाटणीचे, पडीक. पूर्वेचे तेरा रामदासचे. त्या तेरा गुंठ्यांत त्याचं घर होतं, विहीर होती, बायकोची भाजी होती. कागदावर मात्र सव्वीसच्या सव्वीस गुंठे रंगरावाचे होते. रामदासने कागद उलटून पाठीमागे पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

उरलेल्या चार नोटिसा त्याने तशाच सायकलच्या पिशवीत ठेवल्या आणि घर गाठलं. काम अर्धं टाकून घरी जाण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

शैला शेपूच्या वाफ्यात बसून जुड्या बांधत होती. पहाटे सहा ते दुपारी दोन ती एका कंपनीत फरशा पुसायला जाई. तिथल्या औषधाने तिच्या बोटांची सालं निघाली होती, म्हणून जुडीची सुतळी ती दातांनी ओढत असे. संध्याकाळी त्याच जुड्या पोरींच्या होस्टेलपुढे नेऊन विकायच्या.

"आज लवकर?"

"रंगरावनं जमीन इकली."

"त्याची हाय, इकंना का. आपल्याला काय त्याचं?"

"आपली बी इकली."

शैलाने तोंडातली सुतळी सोडली. "आपली कशी इकल? आपण काय मेलाव व्हय?"

त्यांची मुलगी आम्रपाली ओसरीवर पुस्तक घेऊन बसली होती. बी.कॉम. झाल्यापासून ती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. बापाने ज्याची खुर्ची पुसली त्या खुर्चीवर आपण बसायचं, असा तिचा हट्ट होता, आणि रामदासला तो मनातून फार आवडे. तिने फोन काढला, जिल्हा निवडला, तालुका, गाव, गट. मिनिटभरात उतारा फोनवर आला. एकेका उताऱ्यासाठी लोक चावडीच्या पायरीवर आठ-आठ दिवस हेलपाटे घालत, ते रामदासने पाहिलं होतं, त्यांचा चहाही प्याला होता. आता उतारा असा मिनिटात येत होता. आणि त्यात एकच नाव होतं.

"पप्पा, तुम्ही स्वतःचा उतारा कधी काढलाच नाही?"

रामदास काय सांगणार? सगळ्या गावाचं दप्तर ज्याने डोक्यावर वाहिलं, त्याने आपल्या पानाचं कधी बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गोष्ट तशी जुनी होती. अठरा वर्षांपूर्वी रामदासचा बाप गेणू वारला. तेव्हाच्या तलाठ्याने हाताने लिहिलेल्या वहीत गेणूच्या नावाला कंस केला, म्हणजे ते नाव कमी झालं, आणि वर पेन्सिलीने लिहिलं, 'वारस रामदास'. "सर्कलसाहेब आले की शाईने पक्कं करू," तो म्हणाला. सर्कलसाहेब, म्हणजे तलाठ्याच्या वरचे अधिकारी, त्यानंतर पन्नास वेळा आले. दर वेळी रामदासने त्यांना खुर्ची पुसून दिली, माठातलं पाणी दिलं, गाडीच्या चाकात हवा भरून आणली. पण साहेब, माझं एक काम राहिलंय, हे शब्द त्याच्या तोंडून काही निघाले नाहीत. हापिसातल्या माणसाने हापिसात आपलं काम काढू नये, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. तो तलाठी बदलून गेला, त्याच्या मागचे तीन गेले. पेन्सिल तशीच राहिली.

मग वह्या संगणकावर आल्या. शाईचं तेवढं घ्यायचं, कंसातलं सोडायचं, पेन्सिलीचं धरायचं नाही, असं टंकणाऱ्या पोरांना वरून सांगितलं होतं, आणि त्यांनी ते इमानाने केलं. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. दुष्टावा असता तर निदान एखाद्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासने चावडी झाडली, पिंप भरलं आणि तलाठी दिगंबर भाऊसाहेबांची वाट बघत उभा राहिला. भाऊसाहेबांकडे पाच गावं होती. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून ते रात्री जागून कामं उरकत आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी येत. माणूस वाईट नव्हता. बिचाऱ्याला कोणाचं वाईट करायलासुद्धा फुरसत नव्हती.

"भाऊसाहेब, एकशे त्रेचाळीसात माझं नाव राहिलंय."

भाऊसाहेबांनी लॅपटॉप उघडला, वाट पाहिली, पुन्हा उघडला. मग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "अरे, मग चावडीवाचनाला बोलायचं ना! त्यासाठीच तर केलं होतं सगळं."

उतारे कायमचे कुलूपबंद करण्याआधी मागच्या दिवाळीनंतर गावात चावडीवाचन झालं होतं. एकेक गट मोठ्याने वाचायचा, ज्याचं चुकलं असेल त्याने हात वर करून सांगायचं. इंदुबाई म्हातारीचं नाव नवऱ्यामागे लागलं नव्हतं, ते त्याच दिवशी दुरुस्त झालं होतं. भाऊसाहेबांनी कपाटातून फाइल काढून रामदासपुढे धरली. गट एक ते दोनशे बारा पंचांसमक्ष वाचून दाखवले. नमूद केल्याखेरीज कोणाचीही हरकत नाही. खाली तीन सह्या. तिसरी रामदासची.

"ही तुझी ना?"

"माझीच हाय."

"मग मी काय बोलू, सांग."

रामदासला तो दिवस आठवला. चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. शंभरावा गट झाला असेल नसेल, तेवढ्यात सर्कलसाहेबांनी चहा सांगितला. बावीस कप. गावातलं हॉटेल नेमकं बंद, म्हणून किटली घेऊन तो मोठ्या रस्त्यापलीकडे गेला. परतताना कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता ओलांडू दिला नाही. तो आला तेव्हा एकशे सत्तरावा गट चालू होता. मधे एकशे त्रेचाळीस वाचला गेला असणार, आणि बसलेल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक असणार की इथे गेणूचा पोरगा पाहिजे. पण कोतवालाचंच तर आहे, त्याने बघितलं असेल, असं वाटून कोणी बोललं नसणार. कामाच्या शेवटी भाऊसाहेबांनी जिथे बोट ठेवलं तिथे रामदासने सही केली. गळफासाचे पंचनामे, गारपिटीचे पंचनामे, बांधाच्या भांडणाचे, सगळ्यांवर त्याची सही होती. सही म्हणजे झाडू मारण्यासारखंच एक काम, असं तो धरून चालला होता.

आम्रपालीने हरकतीचा अर्ज लिहिला. भाऊसाहेबांनी तो नोंदवला आणि बावीस तारखेला सर्कलसाहेबांपुढे सुनावणी लावली. "जुन्या पानाची नक्कल आण. पेन्सिल का असेना, काहीतरी लिहिलेलं दाखवता आलं पाहिजे," ते म्हणाले.

रविवारी रामदास येरवड्याला गेला. रंगराव चाळीच्या गॅलरीत बनियनवर बसला होता. त्याने आत हाक मारून पाणी मागवलं, खुर्ची पुढे केली. भाऊपणात काही कमी केलं नाही.

"जयभीम, दादा. तुमी पुरी जमीन इकली."

"उताऱ्यावर हुती तेवढी इकली."

"त्यात निम्मी माझी हाय."

"आसंल. पण नाव माझ्या एकट्याचं आलं, ते मी घातलं का? मशीनला काय मी पैसे चारले?" रंगराव शांतपणे बोलत होता, पण नजर खाली रस्त्यावर होती. "हाडोळा इकायला वरची परवानगी लागती, ती काढली. सरकारचा नजराणा भरला. साहेब म्हनले, आनखी कोन हिस्सेदार? मी म्हनलं, उतारा बघा."

"तुमाला ठाव हुतं, दादा."

"ठाव तर आख्ख्या गावाला हुतं, रामदास. बोललं कोन?" मग तो म्हणाला, "पोरीच्या लग्नाचं बघू काहीतरी. मी हाय."

रामदासने पाणी न पिता भांडं खाली ठेवलं. लहानपणी याच भावाने त्याला हाडोळ्यातल्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकवलं होतं. राग यायला हवा होता, पण त्याला रडू येत होतं आणि चाळीतल्या बाया बघत होत्या, म्हणून तो जिना उतरला.

सोमवारी त्याने तहसिलीतल्या अभिलेखाच्या खोलीपुढे रांग धरली. कासारटेकच्या जुन्या वह्यांचे त्रेपन्न बस्ते त्यानेच लाल कापडात बांधले होते, त्यानेच डोक्यावरून ट्रकमध्ये चढवले होते. मान तीन दिवस धरली होती. एकशे त्रेचाळीसचं पान कितव्या बस्त्यात आहे, हे तो झोपेत सांगू शकला असता. पण तिथल्या कारकून विजयमाला मॅडमनी बस्त्याचं नावच काढू दिलं नाही.

"सगळं स्कॅन झालंय. पडद्यावर दिसेल तेच मिळेल."

पडद्यावर पान आलं. वहीचा पिवळा कागद पांढराशुभ्र झाला होता. रंगरावाच्या बापाचं नाव, त्याखाली रंगरावाचं, सगळं काळं ठसठशीत. खाली कंसात गेणू. गेणूच्या वर रामदासला राखाडी छाया दिसली. तो पुढे वाकला.

"हितं हाय बघा मॅडम. व वारसाचा. म्होरं माझं नाव."

विजयमाला मॅडमनी चष्मा वर-खाली केला, चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. चांगल्या बाई होत्या, मागची रांग कुरकुरत असतानाही त्यांनी प्रयत्न केला. "मला तर काहीच दिसत नाही हो. तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्हाला दिसतंय."

"खरी वही दावा. उजेडात धरली की दिसतं."

"मूळ वही बघायची तर वेगळा अर्ज. गोडाऊनमधून मागवावी लागते. तीस दिवस."

"माझ्याकडं आता नऊच हायत."

"ते तुम्ही मला सांगून काय उपयोग?" बाईंनी छापलेली नक्कल त्याच्या हातात दिली. नकलेत ती राखाडी छायासुद्धा आली नव्हती. रामदासने ती बाहेर नेऊन उन्हात धरली, तिरकी धरली, पाठीमागून पाहिली. मग घडी घालून खिशात ठेवली.

तो घरी पोचला तेव्हा कंपनीची तीन माणसं मेथीच्या वाफ्यांतून चालत होती. एकाच्या हातात चुन्याची पाटी होती. हद्द आखायचं काम चाललं होतं. शैला विळा घेऊन उभी होती, ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

"वाफ्यात पाय देऊ नगा म्हनते ना!"

"मावशी, आम्हाला काय, आम्ही सांगितलेलं करतो. उताऱ्यावर बघा ना तुम्ही."

"उतारा गेला खड्ड्यात! ही मेथी कुनी लावली? तुमच्या उताऱ्यानं?"

माणसं हसली. तेव्हा शैलाने विळा टाकला आणि ती वाफ्यात मधोमध मांडी घालून बसली. दुपारचे साडेतीन वाजले असतील. खालची माती तापली होती. चुन्याच्या पाटीवाला क्षणभर थांबला, त्याने त्यांच्यातल्या साहेबाकडे पाहिलं, आणि तिला वळसा घालून रेघ पुढे नेली. रामदासने बायकोला उठवायला हात पुढे केला, तो तिने झिडकारला. कोतवालाच्या गणवेशातल्या नवऱ्यासमोर आपल्याभोवती चुना पडला, हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना.

सुनावणीच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब चावडीत लवकर आले. रामदास पिंपात पाणी ओतत होता. त्यांनी दार लोटून घेतलं.

"रामदास, उद्या जबाबात सरळ सांग. वाचन माझ्यासमोर झालं, सही माझी, माझं नाव नजरचुकीने राहून गेलं. मी मागाहून दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवतो."

"दुरुस्तीला किती दिस लागतील?"

"ते मी कसं सांगू? वर जातं ते."

"तवर खरेदीची नोंद?"

भाऊसाहेबांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि मी तिथे नव्हतो, न ऐकता सही केली, असलं काही बोलू नकोस. दोनशे बारा गटांचं वाचन खोटं पडेल. माझी चौकशी लागेल, तुझी नोकरी जाईल. त्या इंदुबाईचं नाव लागलंय, तेसुद्धा कोणीतरी उकरून काढेल. इतक्या वर्षांत तुला कधी वाऱ्यावर सोडलंय का मी?"

सोडलं नव्हतं, हेही खरं. मागच्या साली आम्रपालीला ताप आला तेव्हा भाऊसाहेबांनीच आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. रामदासने बादली खाली ठेवली आणि मान हलवली, पण ती हो म्हणून की नुसतीच, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

घरी शैला इतक्या दिवसांनी बोलली. "ते परस्ताव पाठवत्यात, आन तवर आपल्या घरावर मशीन फिरतंय. तुमी खरं काय ते सांगा. एकडाव तरी त्या हापिसात सोतासाठी तोंड उघडा."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. दुसऱ्याच्या खुर्च्या पुसायची ना? मी पुसते की फरशा. मेले का मी?"

आम्रपाली पुस्तकात मान घालून ऐकत होती. रामदासने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं सांगितलं तर कायद्याने हरकत मान्य व्हायला पाहिजे, पप्पा." तिने पुस्तकात तसंच वाचलं होतं.

सुनावणी सर्कलसाहेबांच्या खोलीत होती. रामदास लवकर गेला, आणि सवयीने त्याने खुर्च्या नीट लावल्या, टेबलावरची धूळ फडक्याने पुसली, पंखा चालू केला. मग रंगराव वकिलाला घेऊन आला. भाऊसाहेब आले. नम्रता नावाची मुलगी टंकायला बसली. शैलाला बाहेर व्हरांड्यात थांबायला सांगितलं, तिने त्या दिवसाचा खाडा केला होता.

"हरकतदार बसा," सर्कलसाहेब म्हणाले.

रामदास दाराशी उभा होता. खुर्ची रिकामी होती, पण त्या खोलीत तो कधी बसला नव्हता. "हितंच बरा हाय साहेब."

"बरं. जुन्या पानाची नक्कल?"

त्याने खिशातली घडी उलगडून दिली. साहेबांनी ती वकिलाकडे सरकवली. वकिलाने पाहिली आणि काही न बोलता परत सरकवली. मग चावडीवाचनाचा कागद पुढे आला.

"ही सही तुमची?"

पंख्याचा आवाज येत होता. भाऊसाहेब लॅपटॉपच्या झाकणावरचा डाग नखाने खरवडत होते. रामदासने चौकटीला हात लावला.

"सही माझी हाय साहेब. पन एकशे त्रेचाळीस वाचला तवा मी न्हवतो. तुमी च्या सांगितला हुता. बावीस कप. हॉटेल बंद हुतं म्हनून पलीकडं गेलो. आलो तवा एकशे सत्तर चाललं हुतं. शेवटाला सही कर म्हनले, केली. माझ्या बापाचं तेरा गुंठं हाय साहेब. माझं घर हाय त्यात. वहीत पेन्शिलीनं नाव हाय, अठरा वर्सांमागं माझ्यासमोर लिवलंय. गावात कुनालाबी इचारा. ह्या दादालाच इचारा."

एकोणतीस वर्षांत त्या खोलीत तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. आता ऐकलं यांनी, असं वाटलं. रंगराव जमिनीकडे बघत होता.

वकील आवाज न चढवता म्हणाला, "म्हणजे न ऐकता, न वाचता तुम्ही सरकारी कागदावर सही केली."

"व्हय."

"आणि अशा आणखी किती कागदांवर केल्या असतील?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवून आलेला माणूस. त्याने प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. "पुष्कळ," तो म्हणाला.

"साहेब, एवढं लिहून घ्या."

सर्कलसाहेबांनी रामदासकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता, थोडी कीवही असेल. "अरे बाबा," ते पुटपुटले, आणि नम्रताला सांगू लागले. "लिही. हरकतदार हे स्वतः शासकीय सेवेत असून न वाचता सह्या करीत असल्याचे कबूल करतात. सबब त्यांच्या तोंडी कथनावर विसंबता येत नाही. हक्काचा लेखी पुरावा नाही. चावडीवाचनावर अन्य दोन पंचांच्या सह्या असल्याने ते ग्राह्य धरण्यात येते. हरकत अमान्य. नोंद मंजूर. कोतवालाच्या वर्तणुकीबाबत स्वतंत्र अहवाल सादर."

नम्रताची बोटं चालत होती. शब्द रामदासच्या कानांवर येत होते, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ गेला. खोटं बोललो असतो तर जमीन गेली असती. खरं बोललो म्हणून जमीन गेली, आणि नोकरीही. मग आपण बोलायला काय हवं होतं, हे त्याला कोणाला तरी विचारायचं होतं. भाऊसाहेबांना विचारावं म्हणून त्याने तिकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

यंत्रातून कागद बाहेर आला. साहेबांनी तो चाळला. "जबाबावर एक पंच लागेल," ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे चोळता चोळता सवयीने हाक मारली, "कोतवाल, बाहेरून कोणाला तरी आणा जरा."

"जी," रामदास म्हणाला, आणि बाहेर पडला.

व्हरांड्यात शैला भिंतीला टेकून बसली होती. ती धडपडत उठली. "काय झालं?"

"पंच पायजे."

"कशाला?"

"माझ्या जबाबाला."

"आन जमीन?"

रामदासने टोपी काढून हातात घेतली. शैलाला कळायचं ते कळलं. ती पुन्हा खाली बसली आणि सालं निघालेल्या दोन्ही हातांनी तिने कपाळ धरलं.

जिन्याजवळ दाखल्याच्या रांगेत एक माणूस उभा होता. कुठल्याशा कंपनीच्या राखणदाराचा निळा गणवेश, वय चाळिशीपुढचं, ड्यूटीवरून तसाच आलेला. रामदास त्याच्यापाशी गेला. "दादा, आत एक सही पायजे. दोन मिनिटांचं काम हाय."

"माझा नंबर जाईल ओ."

"मी सांगतो त्यांना. जात न्हाई नंबर."

तो माणूस पाठोपाठ आत आला. नम्रताने कागद टेबलाच्या कडेला सरकवला, वर पेन ठेवलं. माणसाने पेन उचललं. रामदासने त्याचं मनगट धरलं.

"आधी वाचा," तो म्हणाला.

खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. माणूस गोंधळला. त्याने कागदावरून एकदा नजर फिरवली, मग दारातून बाहेर रांगेकडे पाहिलं.

"वाचायला वेळ कुठंय काका, माझा नंबर येईल. कुठं करू तेवढं सांगा."

सर्कलसाहेब वाट बघत होते. रामदासने त्याचं मनगट सोडलं आणि बोट ठेवून त्याला जागा दाखवली.